देवपूर ते अवधान सायकलने: कंपनीच्या बिनव्याजी सायकल योजनेचा हिशेब

आमच्या कंपनीने दिवाळीनंतर कामगारांसाठी सायकल योजना काढली, तेव्हा पहिल्या यादीत माझं नाव होतं. मी धुळ्यात देवपूरला राहते आणि शहराजवळच्या अवधान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पगाराचं काम बघते. योजनेचे अर्ज माझ्या टेबलावर येतात, हप्त्यांची कपात मीच लावते, आणि दर महिन्याला माझ्या स्वतःच्या पगारातूनही ती जाते. त्यामुळे योजना, दुकान आणि सायकल या तिन्हींबद्दल मला दोन्ही बाजूंनी सांगता येईल. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे कुणाच्या कारखान्यात अशी योजना येणार असेल, किंवा कुणी व्यवस्थापनाकडे मागणार असेल, त्यांनी आकड्यांचा भाग जरा सावकाश वाचावा.

योजना साधी आहे. नोकरीला वर्ष झालेल्या कुणालाही सायकलीसाठी पंधरा हजारांपर्यंत रक्कम मिळते. व्याज नाही. परतफेड दहा हप्त्यांत, पगारातून. पैसे हातात येत नाहीत, कंपनी थेट दुकानदाराला देते. दुकान एकच, कंपनीने ठरवलेलं. बिल आपल्या नावावर होतं आणि सायकल पहिल्या दिवसापासून आपली. मध्येच नोकरी सोडली तर राहिलेले पैसे शेवटच्या हिशेबातून वळते होतात. जामीनदार लागत नाही, आणि ही मला या योजनेतली फार मोलाची गोष्ट वाटते. आमच्याकडे पतसंस्थेतून दहा हजार काढायचे म्हटले तरी दोन सह्यांसाठी लोकांच्या मागे फिरावं लागतं. पॅकिंगमधल्या बायकांना तर कुणी सही द्यायलाच तयार नसतं.

नोटीस बोर्डावर मात्र ठळक अक्षरांत ‘कर वाचवा, सायकल घ्या’ असं लागलं होतं, आणि त्यावरून पुष्कळांचा गैरसमज झाला. आपल्याकडे सायकल घेतली म्हणून पगारावरच्या प्राप्तिकरात सूट मिळेल अशी तरतूदच नाही. शिवाय २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, आणि पगारदाराला प्रमाणित वजावट धरली की पावणेतेरा लाखांपर्यंत. आमच्याकडे मशीनवर उभा राहणारा माणूस महिना अठरा-वीस हजार घेतो. त्याचा कर मुळात शून्य आहे. शून्यातून काय वाचवणार?

कराचा संबंध येतो तो दोनच ठिकाणी. मालकाने नोकराला बिनव्याजी पैसे दिले की न घेतलेलं व्याज हीसुद्धा नोकराची कमाई धरली जाते आणि तिच्यावर कर लागू शकतो. पण आम्ही सायकली घेतल्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा कर्जांची एकूण रक्कम वीस हजारांच्या आत असेल तर ते मोजत नव्हते. ‘एकूण’ म्हणजे सगळी मिळून. कुणी आधीच कंपनीकडून दहा हजार उचल घेतलेली असेल आणि वर पंधराची सायकल घेतली, तर तो वीसच्या पुढे गेला. बहुतेकांना याने काही फरक पडणार नाही, पण वरच्या पगाराच्या इंजिनिअर लोकांनी हे आधी विचारून घ्यावं.

दुसरा संबंध जीएसटीचा, आणि हा फायदा सगळ्यांना सारखा मिळतो. सायकलीवर आधी बारा टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झाला. मी घेतलेल्या सायकलीची छापील किंमत ८,९९० रुपये. मूळ किंमत तीच धरली तर जुन्या दराने ती साधारण ९,५९० ला पडली असती. म्हणजे सहाशे रुपये तिथेच कमी झाले. त्यात कंपनीचं काही श्रेय नाही, पण बिलावर पाच टक्केच लावलेत ना, हे प्रत्येकाने बघावं. आमच्या यादीत एकाच्या बिलावर जुना दर पडला होता, तो मी बदलून घेतला.

‘कर वाचवा’ ही भाषा आली कुठून, तर व्यवस्थापनातल्या कुणीतरी ब्रिटनमधल्या योजनेबद्दल वाचलं होतं. माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला नोकरी करतो आणि त्याने तिथल्या योजनेतून सायकल घेतली आहे, म्हणून मी त्याला फोन करून सगळं नीट विचारलं. ती योजना १९९९ च्या वित्त कायद्यातून आली. तिथे कंपनी सायकल विकत घेते आणि नोकराला भाड्याने देते. भाडं पगारातून जातं, पण कर कापण्याच्या आधीच्या रकमेतून. त्यामुळे खालच्या टप्प्यातल्या माणसाचा वीस टक्के प्राप्तिकर आणि आठ टक्के राष्ट्रीय विमा, असे अठ्ठावीस टक्के वाचतात. वरच्या टप्प्यातल्याचे चाळीस आणि दोन, बेचाळीस टक्के. हजार पौंडांच्या सायकलीवर साध्या नोकराला २८० पौंडांचा फायदा आणि साहेबाला ४२० चा. आणि किमान वेतनावर काम करणाऱ्याला ती मिळतच नाही, कारण कपातीनंतर पगार किमान वेतनाच्या खाली जाऊ द्यायचा नाही असा तिथला नियम आहे. भाड्याची मुदत संपली तरी सायकल आपोआप आपली होत नाही. पाचशे पौंडांवरची सायकल वर्षभराने ठेवून घ्यायची तर मूळ किमतीच्या पंचवीस टक्के किंमत धरतात, चार वर्षांनी सात टक्के. म्हणून बरेच जण मुदत चार वर्षांपर्यंत लांबवतात.

भाचा खूश आहे आणि त्याच्या जागी ते बरोबरही आहे. पण ती पद्धत जशीच्या तशी इथे आणा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. अवधानच्या कारखान्यात सायकलची खरी गरज कुणाला आहे? ज्याच्याकडे मोटारसायकल नाही आणि महिन्याच्या वीस तारखेला ज्याच्या खिशात शंभर रुपये उरतात, त्याला. त्याला करसवलत देऊन काही हाती लागत नाही. त्याला हवी व्याजाशिवाय रक्कम, सोसेल असा हप्ता, आणि फसवणूक न करणारं दुकान. आमच्या योजनेने पहिल्या दोन गोष्टी चांगल्या दिल्या. तिसरीसाठी भांडावं लागलं.

ते भांडण सांगते. ठरवलेलं दुकान शहरातलं जुनं आणि मोठं आहे, नाव लिहीत नाही. पहिल्या यादीतली बिलं माझ्याकडे आली तेव्हा सगळ्या सायकली पूर्ण छापील किमतीला लावलेल्या दिसल्या. त्याच आठवड्यात माझ्या जावेने त्याच दुकानातून, तीच सायकल, रोख पैसे मोजून ८,३०० ला आणली. म्हणजे योजनेतल्या माणसाला ६९० रुपये जास्त. आता व्याजाचं बघा. ८,९९० रुपये पतसंस्थेतून बारा टक्क्यांनी काढले आणि दहा समान हप्त्यांत फेडले, तर घटत्या शिलकीवर एकूण व्याज होतं पाचशे रुपयांच्या आसपास. कंपनीने बिनव्याजी म्हणून जे वाचवून दिलं, त्याहून जास्त दुकानदाराने सूट नाकारून काढून घेतलं. कामगाराला वाटतं कंपनीने मदत केली, कंपनीलाही तसंच वाटतं, आणि पैसे जातात गल्ल्यात.

मी जावेचं बिल आणि आमच्या यादीतली बिलं शेजारी शेजारी लावून व्यवस्थापकांपुढे ठेवली. दुकानदाराचं म्हणणं होतं की कंपनीकडून पैसे उशिरा येतात, म्हणून सूट परवडत नाही. मुद्दा अगदीच खोटा नव्हता, आमच्याकडून चेक निघायला महिना लागत होता. मग ठरलं ते असं: कंपनीने आठ दिवसांत पैसे जमा करायचे आणि दुकानाने रोखीचाच भाव लावायचा. पहिल्या यादीतल्यांची बिलंही दुरुस्त झाली. माझा हप्ता ८३० रुपयांवर आला. तुमच्या कंपनीत योजना येणार असेल तर दुसरं काही विचारलं नाही तरी चालेल, पण रोखीचा भाव किती, हे दुकानात परका माणूस पाठवून विचारून घ्या.

दुकानदाराबद्दल दुसरी तक्रार मालाची. तिथे पुढे मांडलेल्या सगळ्या सायकली जाड टायरच्या, पुढे शॉकअप, एकवीस गिअर, झगझगीत रंग. न कॅरिअर, न मडगार्ड, न चेनकव्हर. विकणारा पोरगा प्रत्येकाला तीच दाखवत होता. आमच्या वेल्डिंग खात्यातली दोन तरुण पोरं तीच घेऊन आली, आणि आता डबा हँडलला लटकवून येतात. रोज कामावर जाणाऱ्याला शॉकअप काय करायचा? त्याने सायकलचं वजन वाढतं आणि पायडल मारताना जोर त्यातच मुरतो. गिअरची तार ताणली की दुरुस्तीला शहरात यावं लागतं. मी विचारून विचारून मागच्या गोडाऊनमधून लेडीज फ्रेमची साधी सायकल काढायला लावली. वाकलेला खालचा बार, त्यामुळे साडीतही चढता-उतरता येतं. पूर्ण चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, मागे लोखंडी कॅरिअर, साडी गार्ड, सव्वीस इंची चाकं. एकच गिअर. आमचा रस्ता पांझरा नदीकडून अवधानकडे हळूहळू चढत जातो, पण तो चढ मऊ आहे, एका गिअरवर निघतो. येताना तोच उतार मिळतो. लळिंगचा घाट चढायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथे आमची कंपनी नाही.

सायकल चांगली आहे, पण दुकानाने जोडून दिली ती अवस्था चांगली नव्हती. हे सविस्तर सांगते, कारण नव्या सायकलीवर कुणी शंका घेत नाही. सायकल कारखान्यातून अर्धवट जोडलेली, खोक्यात येते. हँडल, पायडल, पुढचं चाक, सीट हे दुकानातला मुलगा बसवतो, आणि सणाच्या गर्दीत तो तासाला किती बसवतो ते मी समोर बघितलं आहे. पहिल्याच आठवड्यात पुढचा ब्रेक चाकाला एका बाजूने घासायला लागला आणि डावं पायडल किरकिरायला लागलं. दुकानात नेली तर ‘पहिली सर्व्हिसिंग महिन्याने’ असं उत्तर.

मग देवपुरातच झाडाखाली पेटी मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना बापू म्हणतात. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, पुढचं चाक फिरवलं आणि खडूचा तुकडा रिमजवळ धरला. चाक सरळ असतं तर खडूची रेघ गोल उमटली असती. ती एकाच बाजूला वीतभर उमटली. ‘आउट शे,’ म्हणाले. मग आरे दोन-दोन करून बोटांत दाबून बघितले. घट्ट कुठला आणि सैल कुठला हे त्यांना बोटांनाच कळतं. नवीन चाकाचे आरे पहिल्या काही दिवसांत वजनाखाली बसतात आणि सैल पडतात, म्हणून नवी सायकल थोडी चालवून झाली की एकदा आरे कसून घ्यावेच लागतात. ते त्यांनी मला त्या वेळी सांगितलं. छोट्या चावीने पाव-पाव आटा फिरवत, मध्ये मध्ये चाक फिरवून बघत त्यांनी रेघ पूर्ण गोल आणली.

मग चाकाचा आस खोलला. कोन, म्हणजे छर्रे जागेवर धरणारे नट, काढून छर्रे तळहातावर घेतले आणि मला दाखवले. नवे कोरे छर्रे, आणि कोरडे. ‘ताई, यामा ग्रीसच नही शे. नवी शे ना?’ त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. रॉकेलने पुसून, ग्रीस भरून, कोन असा कसला की चाक सैलही डुगडुगणार नाही आणि जडही फिरणार नाही. डाव्या पायडलचं कारणही निघालं. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते उलटीकडे फिरवून घट्ट होतं. दुकानातल्या पोराने ते अर्धवट बसवलं होतं. तसंच चालवलं असतं तर क्रँकचे आटे उडाले असते आणि मग क्रँकच बदलावी लागली असती. बापूंनी सगळ्याचे दीडशे रुपये घेतले. आतापर्यंत या सायकलीवर झालेला सगळ्यात चांगला खर्च तो.

हे मी व्यवस्थापनाकडे मांडलं. आता योजनेतली प्रत्येक सायकल ताब्यात घेण्याआधी कंपनीच्या मेंटेनन्स खात्यातला फिटर बघतो, आणि दुकानाकडून पंधरा दिवसांनी एक फुकट सर्व्हिसिंग लेखी घेतली आहे. माझ्या मते पुढची पायरी म्हणजे बापूंसारख्या माणसाला महिन्यातून एकदा कंपनीच्या शेडखाली बोलवावं आणि त्याचे पैसे कंपनीने द्यावेत. तीस-चाळीस सायकलींना एका दिवसाची मजुरी ती किती? पण त्यामुळे सायकली अंगणात गंजत पडणार नाहीत. माझे वडील पोस्टात होते. त्या काळी केंद्र सरकारच्या नोकरांना सायकल अग्रिम मिळायचं, तेही पगारातून कापून. त्यावर घेतलेल्या सायकलीने त्यांनी नोकरी काढली. सातव्या वेतन आयोगाने ते अग्रिम बंद करायला सांगितलं आणि ते बंद झालं. मला तो निर्णय पटलेला नाही. रक्कम लहान वाटते म्हणून ती बिनकामाची ठरत नाही.

रस्त्याबद्दल खरं सांगायचं तर योजनेत कमी पडणारी मोठी गोष्ट तीच आहे, आणि ती कंपनीच्या हातातही नाही. आग्रा रोडवर सकाळी गर्दी नसते, पण हायवेला लागल्यावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. सर्व्हिस रोड आहे तिथे मी तोच धरते. हिवाळ्यात सकाळी लवकर निघायचं तर अंधार असतो. जानेवारीत धुळ्याचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर येतो, धुकं उतरतं, आणि मागचा लाल दिवा नसेल तर ट्रकवाल्याला सायकल दिसतच नाही. कंपनीने सुरक्षा खात्यातून रिफ्लेक्टरचं जॅकेट फुकट दिलं, त्याबद्दल आभार. पण पुढचा-मागचा दिवा मला वरचे साडेतीनशे घालून घ्यावा लागला. दिवा, कुलूप आणि घंटी यांच्याशिवाय सायकल देऊच नये, ती रक्कम योजनेत धरावी, ही माझी मागणी अजून मान्य झालेली नाही.

उन्हाचं प्रत्येकाने आपापलं बघावं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना चार वाजता सुटून सायकल मारणं मी कुणाला सुचवणार नाही. सकाळी सायकलने यावं, दुपारी ती शेडमध्ये ठेवून बसने जावं, असं आम्ही काही जणींनी ठरवलं आहे. जून-जुलैत साक्रीकडच्या पवनचक्क्या फिरवणारा पश्चिमेचा वारा इथेही जोरात असतो. आमचा रस्ता उत्तर-दक्षिण, त्यामुळे तो बाजूने ढकलतो. अशा वेळी हायवेच्या कडेला अंग चोरून चालवण्यापेक्षा उतरून चालावं. आणि वेड्या बाभळीचे काटे बारमाही आहेत. टायरच्या कडेवर किती हवा भरायची ते छापलेलं असतं, तेवढी भरलेली असली की पंक्चर कमी होतात हे मी अनुभवाने सांगते.

थोडक्यात गुण द्यायचे तर योजनेला पाचपैकी चार, सायकलीला चार, दुकानाला दोन. बापूंना पाचपैकी पाच.

दुसऱ्या यादीचे अर्ज सध्या माझ्याकडे आहेत. त्यात पॅकिंगच्या बायका निम्म्याहून जास्त आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींनी लग्नाआधी, शाळेत असतानाच शेवटची सायकल चालवली होती. अर्ज भरणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. घरच्या इतर कपाती बघून हप्ता ठरवा. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर नेता येत नाहीत, त्यामुळे ज्यांची पतसंस्थेची कपात आधीच मोठी आहे त्यांनी दहाऐवजी पंधरा हप्ते मागा, कंपनी देते. आणि सायकल ताब्यात घेताना ती उलटी करून पायडलच्या आसाखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर बिलावर लिहून घ्या. बिलाची एक झेरॉक्स माझ्याकडे द्या. सायकल चोरीला गेली तर पोलीस पहिला तोच नंबर विचारतात.